तक्रारी सगळीकडेच होत्या, मग क्रांती काही ठिकाणीच का झाली?

खानापूरचा_दिनू

बोस्टनच्या बंदरात १७७३ साली चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या, त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. त्याच कंपनीने १८१८ ला बेळगावचा किल्ला घेतला आणि १८२४ ला ती कित्तूरवर चालून आली. शत्रू एकच. तिकडे दहा वर्षांत तेरा वसाहती मोकळ्या झाल्या आणि राजाशिवाय कारभार करायला लागल्या. इकडे कित्तूर (१८२४), सामानगड (१८४४), नरगुंद (१८५८) एकामागून एक पेटली आणि विझली.

माझं मत सरळ आहे. नुसत्या तक्रारीने काही होत नाही, सोबत नवा राजकीय विचार लागतो. आपल्याकडे तक्रारी ढीगभर होत्या, विचार नव्हता. १९१६ ला टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा कुठे विचार आला.

पटत नसेल तर भांडा. फक्त सीमाप्रश्न आणू नका, त्याचा धागा वेगळा आहे आणि तिथे अजून धूर निघतोय.

नंदगडकर

"विचार नव्हता" हे वाक्य लिहिताना जरा तरी थांबायचं होतं. नंदगडला आमच्या घरापासून कित्तूर पडल्यावर कंपनीविरुद्ध उठलेल्या संगोळी रायण्णाच्या समाधीकडे चालत जाता येतं, त्यामुळे मला हे लागणारच.

रायण्णा शेतसनदी होता. म्हणजे पगार नाही, कामाच्या बदल्यात जमीन. कंपनीचा अंमल आल्यावर त्यातली काही जमीन काढून घेतली आणि उरलेलीवर सारा वाढवला. ही झाली तक्रार. आता त्याने केलं काय ते बघा. बिडीची कचेरी जाळली, संपगावच्या खजिन्याकडे वळला, गावोगावचे जमिनीचे कागद जाळले. सरकार घोड्यावर नाही, दप्तरात बसलंय हे ज्या माणसाला १८३० च्या सुमारास कळलं, त्याला विचार नव्हता म्हणता? त्याने पुस्तक लिहिलं नाही एवढंच.

अण्णा_खडेबाजार

पहिल्याच प्रतिसादाला पेटलं. कुंद्याचा डबा उघडून बसलोय. चालू द्या.

मास्तर_इतिहासवाले

नंदगडकर, राग मान्य, पण दिनूचा प्रश्न टाकाऊ नाही. जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेची गंमत अशी की तिथली तक्रार आपल्यापेक्षा कितीतरी बारीक होती. १७६५ चा स्टॅम्प कायदा म्हणजे दस्तऐवजावर, वर्तमानपत्रावर, अगदी पत्त्यांच्या जोडावरही मुद्रांक. इंग्लंडातला माणूस त्यांच्यापेक्षा जास्त कर भरत होता. कुणाची गादी गेली नव्हती, कुणाचं वतन जप्त झालं नव्हतं. (तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन गेली होती, पण ती घेणारे हेच लोक.) म्हणजे तक्रारीच्या आकारावर क्रांती ठरत असती तर ती आधी कर्नाटकात व्हायला हवी होती.

मग तिकडे होतं काय? एक, प्रत्येक वसाहतीत निवडून दिलेली सभा होती, तिथे भांडायची सवय होती. दोन, छापखाने होते. तीन, १७७२ पासून गावागावांत पत्रव्यवहार समित्या होत्या. बोस्टनला काय झालं ते व्हर्जिनियाला महिन्याभरात कळायचं. आणि तरीही १७७५ पर्यंत बहुतेक लोक "राजा चांगला आहे, मंत्री नालायक आहेत" असंच म्हणत होते. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनचं छोटं पुस्तक आलं आणि त्याने विचारलं, मुळात राजा पाहिजेच कशाला? सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा.

आता कित्तूर. कित्तूरचे राजे मल्लसर्ज देसाई यांचा मुलगा १८२४ मध्ये वारला, दत्तक घेतला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने तो मानायला नकार दिला. २३ ऑक्टोबरला लढाई झाली, थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये कंपनी मोठी फौज घेऊन आली आणि किल्ला पडला. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत गेल्या, १८२९ ला तिथेच वारल्या. शौर्याबद्दल प्रश्नच नाही. पण जिंकलो असतो तर काय झालं असतं? देसाईंची गादी राहिली असती. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचंही तेच, दत्तक नाकारला म्हणून इंग्रज अधिकारी मॅन्सनला मारला, १२ जून १८५८ ला बेळगावात फाशी गेले. मागणी "आमचं आम्हाला परत द्या" अशी होती. "कुणाचंच असं घेता येऊ नये" अशी नव्हती.

शहापूरची_सून

मास्तर, एक शंका. त्या चहाच्या कायद्याने चहा स्वस्त झाला होता असं मुलाच्या पुस्तकात आहे. स्वस्त चहा पाण्यात कोण टाकतं? आमच्या सासूबाईंनी टाकू दिला नसता.

मास्तर_इतिहासवाले

वहिनी, बरोबर वाचलंत. कंपनी बुडीत निघाली होती, तिला वाचवायला लंडनच्या पार्लमेंटने थेट अमेरिकेत चहा विकायची मुभा दिली. चहा स्वस्त झाला, पण त्यावरचा जुना कर तसाच ठेवला आणि विक्री कंपनीच्या मर्जीतल्या मोजक्या व्यापाऱ्यांकडे गेली. स्थानिक व्यापारी मेले आणि चोरून चहा आणणारेही मेले. लोकांना दिसलं ते असं की स्वस्ताईचं आमिष दाखवून आपल्याकडून कर लावायचा हक्क वदवून घेतायत. दोन पैशाची गोष्ट होती, पण न विचारता घेतलेले दोन पैसे.

शहापूरची_सून

हे पटलं. न विचारता घेतलेल्या दोन पैशांवरून आमच्या वाड्यात सख्खे भाऊ वेगळे झालेत.

सत्तरीपार

चोर्ला घाट उतरलं की पलीकडे आमचं. तुम्ही बेळगावकर गोव्याला फक्त शनिवार-रविवारचं गाव समजता, म्हणून लिहितो.

दिनूच्या प्रश्नाला गोव्यातच दोन्ही नमुने आहेत. १७८७ चा पिंटोंचा कट. करणारे कोण, तर शिकलेले गोवेकर पाद्री आणि काही लष्करी माणसं. तक्रार अशी की आम्ही कितीही शिकलो तरी वरची पदं गोऱ्यांनाच. कट फुटला, पंधरा जणांना देहदंड झाला. नवे विचार कानावर पडलेली माणसं होती, पण मागे माणूसबळ नाही.

दुसरीकडे सत्तरीचे वतनदार राणे. १८५२ ला दीपाजी राणे नाणूस किल्ला घेऊन बसले आणि पोर्तुगीजांना वर्षानुवर्षं दमवलं. १८९५ ला तर गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, ते बिथरले आणि राणे त्यांना मिळाले. इथे माणूसबळ होतं, जंगल होतं, तक्रार खरी होती. पण सरकारने वतनाचे हक्क परत दिले की तह. पुन्हा मोडले की पुन्हा बंड.

एकाकडे डोकं, एकाकडे हातपाय. दोघांची भेट व्हायला १९४६ उजाडलं.

घटप्रभा

सगळे "विचार आला, विचार आला" म्हणताय, जणू विचार पावसासारखा वरून पडतो. विचार कुणाच्या तोंडून आला आणि कुणाच्या कानात पडला हे बघा की.

हैती. १७८९ ला पॅरिसात माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात साखरेच्या मळ्यातले गुलाम नव्हते. मळेवाल्या गोऱ्यांना त्यातून आपली स्वायत्तता पाहिजे होती, मुक्त मिश्रवंशीयांना गोऱ्यांची बरोबरी पाहिजे होती. ऑगस्ट १७९१ ला गुलामच उठले. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र. आणि बक्षीस काय मिळालं? १८२५ ला फ्रान्सने युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँक भरपाई लिहून घेतली. मळे गेले आणि मळ्यातली माणसं "गेली" म्हणून.

अमेरिकेत उलटं. "सगळी माणसं समान" असं लिहिणाऱ्याच्याच शेतावर गुलाम राबत होते.

तर मास्तर, तुमचा पेन महान, पण मला त्याचा खरा वारस फिलाडेल्फियात नाही, पुण्यात दिसतो. जोतिबा फुल्यांनी पेन वाचला आणि १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना. त्यांनी विचार घेतला आणि आधी घरातल्या राज्यकर्त्यांवर रोखला, इंग्रजांवर नंतर.

अण्णा_खडेबाजार

आता मोठे मोठे लोक यायला लागले धाग्यावर. एक उपमाहिती माझ्याकडूनही घ्या. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ ला शरण आला तो कॉर्नवॉलिस. पाच वर्षांनी तोच भारतात गव्हर्नर जनरल. टिपूचं निम्मं राज्य घेतलं आणि बंगालात कायमधारा (साऱ्याची रक्कम कायमची ठरवून देणं) लावला. तिकडे नापास झालेला इकडे हेडमास्तर.

कॅम्पवाला

टिपूचा विषय निघालाच आहे तर, श्रीरंगपट्टणला फ्रेंचांनी क्रांतीचा क्लब काढला होता आणि टिपू स्वतःला "नागरिक टिपू" म्हणवून घ्यायचा. हा विचार नव्हता का?

मास्तर_इतिहासवाले

त्या क्लबचे कागद इंग्रजांनी लढाईला कारण म्हणून वापरले, त्यामुळे त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि तो खरा धरला तरी त्यात फ्रेंच शिपाई होते, मंड्याचा शेतकरी नव्हता. त्यावर इमारत उभारू नका.

मोडीची_पेटी

मी इथे बहुतेक वाचूनच जाते, पण शेतसनदीचा विषय निघाला म्हणून.

आमचं मूळ गाव बैलहोंगल तालुक्यात. घरात माळ्यावर पत्र्याची पेटी होती, आजोबा तिला हात लावू द्यायचे नाहीत. "यात आपल्या घराण्याचं सगळं आहे" म्हणायचे. ते गेल्यावर उघडली. वर कडुनिंबाचा सुकलेला पाला, त्याखाली लाल फडक्यात कागद. कडा वाळवीने कातरलेल्या, शाई तपकिरी पडलेली, मधल्या घडीवर कागद दोन तुकडे व्हायच्या बेतात. घरात कुणाला मोडी येत नाही. आम्हाला वाटलं लढाईची हकीकत असणार, भावाने तर गावात सांगूनही टाकलं.

मोडी वाचणाऱ्या एका काकांनी बसून वाचलं. लढाई नाही, शौर्य नाही. जमिनीची मोजणी, आकार, बाकी, हप्ता. पुन्हा आकार, पुन्हा बाकी. मध्येच एक अर्ज, की ही जमीन चाकरीची आहे, हिच्यावर सारा लावू नये. त्याखाली वेगळ्या हातचा शेरा, की पुरावा दाखल करावा. पुढच्या कागदावर परत तोच अर्ज, भाषा जरा जास्त नरम.

भाऊ नाराज झाला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा समजलं की माणूस कागद जाळायला का उठत असेल.

नंदगडकर

ताई, हा प्रतिसाद आधी आला असता तर मला एवढं तापावं लागलं नसतं.

घटप्रभा

"पुरावा दाखल करावा" हेच पुढे इनाम कमिशनने मोठ्या प्रमाणावर केलं. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातली इनामं तपासली, सनद दाखवा नाहीतर जमीन सरकारजमा. दक्षिण मराठा मुलखात १८५७-५८ ला जे धुमसलं त्यामागे हे होतं. नुसता दत्तकाचा प्रश्न नव्हता. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेडर जमातीच्या लोकांचं तर गादीशी काहीच देणंघेणं नव्हतं. हत्यारं जमा करा म्हणाले, ते नाही म्हणाले, गाव जाळलं. त्यावरचे कानडी पोवाडे पुढे फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेच गोळा करून छापले.

बिचगर्णी_बॉय

हे सगळं ठीक आहे, पण १९५६ ला आमच्यावर न विचारता जे लादलं ते वसाहतवादाहून काय वेगळं? मुंबई राज्यातून उचलून म्हैसूरला जोडलं, १७ जानेवारीला माणसं गेली. ही तक्रार नाही का? आणि इतकी वर्षं कोर्टाच्या तारखा मोजतोय. क्रांती का नाही होत ते सांगा मास्तर.

संपादक

धाग्याच्या सुरुवातीलाच विनंती होती. प्रतिसाद ठेवतोय, पण यावरची पुढची चर्चा सीमाप्रश्नाच्या धाग्यावर. इथले चार प्रतिसाद उडवले आहेत, कोणते ते त्यांना माहीत आहे.

अण्णा_खडेबाजार

त्यातला एक माझा. मी फक्त हसलो होतो.

निपाणीचा_तंबाखूवाला

इतिहास वाचून नाही, बघून सांगतो. निपाणी भागात तंबाखूवाल्या शेतकऱ्याची लूट काय एका वर्षाची नव्हती. वजनात मारायचे, प्रतीत मारायचे, पैसे सहा-सहा महिने नाहीत. आमचा बा म्हणायचा, आपलं नशीबच तंबाखूच्या पानासारखं, वाळल्यावर दुसऱ्याचं.

१९८१ ला शरद जोशी आले. त्यांनी आम्हाला लूट होते हे सांगितलं नाही, ते आम्हाला माहीत होतं. त्यांनी हिशोब मांडला. बियाणं किती, मजुरी किती, घरच्या बायकांच्या कष्टाची मजुरी किती (ती आम्ही कधी धरलीच नव्हती), एकूण खर्च किती, हातात किती. नशीब म्हणून जे सोडून दिलं होतं त्याला आकडा लागला. मग हायवेवर हजारोंनी बसली माणसं. गोळीबार झाला, माणसं मेली. मराठी बोलणारी होती, कानडी बोलणारी होती, रस्त्यावर कुणी विचारलं नाही.

तर माझं म्हणणं, विचार विचार म्हणजे शेवटी हेच. तुझं वतन, माझा सारा, त्याची अडत, ह्या वेगवेगळ्या वह्या असतात तोवर ज्याचं त्याचं रडगाणं. कुणीतरी सगळ्या तक्रारी एकाच खातेवहीत मांडतो आणि वर नाव लिहितो, घेणारा कोण. मग लोक उठतात. दादाभाईंनी हेच केलं की. भारतातून विलायतेला दरसाल किती जातं, बेरीज मांडली.

मास्तर_इतिहासवाले

तंबाखूवाले, हे मी उद्या वर्गात वापरणार, तुमचं नाव घेऊन.

खानापूरचा_दिनू

मला हवं होतं ते तंबाखूवाल्यांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं. आता होमरूलवर या. एप्रिल १९१६, मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात, तिथेच लीग. बॅप्टिस्टा अध्यक्ष, केळकर चिटणीस. नाव आणि कल्पना आयर्लंडच्या चळवळीवरून. म्हणजे इंग्रजांच्या सगळ्यात जुन्या वसाहतीतला विचार, अध्यक्ष मुंबईचा ख्रिश्चन बॅरिस्टर, नेता पुण्याचा, गाव आमचं आणि यजमान गंगाधरराव देशपांडे. आणि आठच वर्षांत, कित्तूरला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, गांधी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन इथेच. शंभर वर्षांत एवढा फरक!

घटप्रभा

खातेवहीत कुणाचं नाव घ्यायचं राहिलं तेही बघा ना दिनूभाऊ.

अथणी याच जिल्ह्यात. १९१७ ला टिळकांची तिथे सभा झाली. तेली, तांबोळी, कुणबी कायदेमंडळात जाऊन काय करणार अशा अर्थाचं ते बोलले हे आजही सांगितलं जातं, आणि त्यांचे चाहते म्हणतात संदर्भ वेगळा होता. मी त्या वादात पडत नाही. पण ब्राह्मणेतरांना होमरूल आपलं वाटलं नाही हे खरं. कोल्हापूर इथून दोन-तीन तासांवर, तिथे शाहू महाराजांनी १९०२ लाच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. १९२५ ला डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृतांची परिषद घेतली ती निपाणीत. टिळक स्वराज्य मागत होते, हे लोक विचारत होते ते येणार कुणाच्या घरात.

सत्तरीपार

आणि म्हणूनच म्हटलं १९४६. १८ जूनला मडगावला लोहिया बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. मागणी काय, तर सभा घ्यायचा हक्क. ती पाद्र्यालाही लागू, सत्तरीच्या कुळालाही, खाणीतल्या कामगारालाही. गोव्यात उघड काही करता येईना म्हणून नॅशनल काँग्रेस (गोवा) स्थापन झाली ती लोंढ्याला, तुमच्या खानापूर तालुक्यात. रेल्वे जंक्शन, दोन्हीकडून माणसं येणार. पुढे १९६१ ला सैन्य जमलं तेही बेळगावात. तुम्ही आम्हाला शनिवार-रविवार दिलात, आम्ही तुम्हाला क्रांती करायला जागा मागितली. हिशोब बरोबर.

अण्णा_खडेबाजार

लोंढ्याला आता गाडीची वाट बघत नुसता डास मारतो माणूस. फलक तरी लावा कुणीतरी.

नंदगडकर

दोन दिवस गप्प बसून सगळं वाचलं. अजून पटलेलं नाही.

मास्तर, तुम्ही म्हणता रायण्णाकडे मागणी जुनी, गादीची. खातेवही एक नव्हती. बरं. मग त्याच्या टोळीतला गजवीर कोण होता? सिद्दी. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम करून आणले आणि पळून या जंगलात राहिले त्या समाजातला. कित्तूरच्या गादीशी सिद्दीचा काय संबंध? त्याला कुठलं वतन परत मिळणार होतं? तरी तो रायण्णाच्या खांद्याला खांदा लावून होता. घटप्रभा हैतीपर्यंत गेले. हलियाळ-खानापूरच्या जंगलात कुणी डोकावलं नाही.

मास्तर_इतिहासवाले

गजवीराचा मुद्दा वजनदार आहे, टाळणार नाही. पण रायण्णाने पुढे केला तो दत्तक शिवलिंगप्पालाच. माणसं वेगवेगळी जमली, तरी वर नाव गादीचंच लिहिलं गेलं. आणि चौदा वर्षांनी सामानगडचे गडकरी (किल्ल्याची राखण करणारे) उठले तेव्हा त्यांनी रायण्णाचं नाव घेतल्याचं मला कुठे सापडलेलं नाही. त्यांचीही जमीन चाकरीचीच होती. कोल्हापूरचे कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात ती गेली म्हणून ते उठले, म्हणजे अगदी तीच तक्रार. पण 'दर्पण' १८३२ ला मुंबईत निघाला, नंदगड-गडहिंग्लजला वर्तमानपत्र यायला वेळ होता. सांगणारं कुणी नव्हतं.

नंदगडकर

वर्तमानपत्र नव्हतं, पोवाडा होता. गोंधळी होते, जत्रा होत्या. तो सामानगडापर्यंत पोचला नाही हे तुम्ही कागद बघून म्हणता, आणि कागद कुणी लिहिलेत ते ताईंच्या पेटीत दिसलं. तेव्हा "सापडलेलं नाही" एवढंच म्हणा, पुढे जाऊ नका. आणि बोस्टनला पेट्या टाकणाऱ्या प्रत्येकाला पुढे राजा नको हे तेव्हाच ठाऊक होतं काय? १७७३ ला तेही राजाचं नाव घेतच होते, तुम्हीच लिहिलंय. त्यांना आणखी दहा वर्षं मिळाली. रायण्णाला १८३१ च्या जानेवारीत फासावर दिलं.

मोडीची_पेटी

मास्तर, पेटीतले दोन कागद अजून वाचायचे राहिलेत, त्यावर सामानगड असं काहीसं वाटतंय म्हणाले होते काका. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की बसवते. तोवर गजवीरावर वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे तो हरवेल.